पांढरा उंदीर घरी आणण्यापूर्वी

उंदीर म्हटला, की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. पेरलेले बी उकरून खाणारा, उभ्या गव्हाची ताटे कुरतडणारा, कणगीला भोक पाडणारा आणि खाल्ले त्याहून जास्त धान्य लेंड्यांनी नासवणारा असा हा प्राणी. त्याच्यासाठी आपण सापळे लावतो, बिळात औषध घालतो, मांजर पाळतो. अशा घरात नातवाने "मला उंदीर पाळायचाय" असा हट्ट धरला, तर आजी कपाळावर हात मारून घेते, यात नवल नाही.

पण हा हट्ट आता खेड्यापर्यंत येऊन पोचला आहे. शहरात किंवा मोठ्या बाजारगावी रंगीत मासे आणि पक्षी विकणाऱ्या काही दुकानांत पांढऱ्या उंदरांचा पिंजराही असतो. मूल त्यापुढे उभे राहते ते हलत नाही. उंदीर स्वस्त असतो, खिशात मावतो, खायला मूठभरसुद्धा लागत नाही. मग वडील म्हणतात, "घे एक जोडी, पण पुन्हा काही मागायचं नाही."

बैल घ्यायचा झाला तर आपण बाजारात चार चकरा मारतो. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, जाणत्या माणसाला सोबत नेतो. घरी गोठा रिकामा आहे का, चारा पुरेल का, याचा हिशेब आधीच झालेला असतो. उंदराच्या बाबतीत मात्र यातले काहीच होत नाही. तो स्वस्त आहे, एवढ्यावरच व्यवहार होतो. आमचे सांगणे इतकेच, की जीव लहान असला तरी बैल घेताना जी चौकशी आपण करतो, तीच येथेही करावी. मग काही घरांत उंदीर सुखाने नांदेल, आणि काही घरांत "आपल्याकडे नको" असा निर्णय होईल. दोन्ही निर्णय चांगलेच.

रानातले पिल्लू आणू नका

पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सुगीच्या दिवसांत पेंढ्या उचलताना, नांगरट करताना किंवा कडब्याची गंज हलवताना उंदराचे घरटे सापडते. आत बोटाच्या पेराएवढी गुलाबी पिल्ले असतात. मुलांना दया येते आणि ती पिल्ले खोक्यात घालून घरी आणतात. हे करू देऊ नये.

एक तर ती पिल्ले आईवाचून बहुधा जगत नाहीत. दुसरे, रानातले आणि घरातले मोकाट उंदीर रोग वाहून आणतात. लेप्टोस्पायरोसिस हा ताप उंदरांच्या मुतातून पाण्यात व चिखलात उतरतो आणि पायाच्या जखमेतून माणसाच्या अंगात शिरतो. कोकणातल्या भातशेतीत काम करणाऱ्यांना हे नाव ठाऊक आहे. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगने पुन्हा डोके वर काढले आणि लगोलग सुरतेतून लोक गावे गाठू लागले, हेही जुन्या माणसांना आठवत असेल. प्लेग पसरतो तो उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे. म्हणून घरटे सापडले तर मुलांना हात लावू देऊ नये. रानातला उंदीर रानातलाच.

पाळायचा तो पिंजऱ्यातच जन्मलेला, पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला उंदीर. जात म्हणाल तर तो आपल्या घरातल्या लहान उंदराचाच भाऊबंद आहे, पण स्वभाव निवळलेला. वजन सुमारे २० ते ४० ग्रॅम. दुकानात 'पांढरा उंदीर' म्हणून कधी कधी याहून कितीतरी मोठी जातही दाखवतात. तो पाव किलोपासून अर्ध्या किलोपर्यंत भरतो आणि त्याची व्यवस्था निराळी असते. येथे लिहिले आहे ते लहान उंदराबद्दल.

हा पाळीव झाला कसा?

गणपतीच्या पायाशी मूषक आपण मानतोच. राजस्थानात बिकानेरजवळ देशनोक येथे करणीमातेच्या देवळात तर हजारो उंदीर मोकळे फिरतात आणि भक्त त्यांना दूध व प्रसाद ठेवतात. पण पिंजऱ्यात रंगीत उंदीर वाढवण्याचा छंद मुख्यतः चीन-जपानकडचा. जपानात १७८७ साली रंगीबेरंगी उंदरांच्या पैदाशीवर एक लहानसे पुस्तकच छापले गेले. पुढे हे उंदीर बोटीतून युरोपात गेले. इंग्लंडात १८९५ साली हौशी लोकांनी उंदीर पाळणाऱ्यांचा राष्ट्रीय क्लब काढला. आपण खिलार बैल किंवा उस्मानाबादी शेळी प्रदर्शनात मांडतो, तसे ते लोक उंदीर मांडतात. रंग, शेपटी, कान पाहून बक्षिसे देतात.

या हकिकतीतली एक बाई मात्र आपल्या वाचक भगिनींनी लक्षात ठेवावी अशी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅनबी या गावी अॅबी लॅथ्रॉप नावाच्या शिक्षिका होत्या. प्रकृतीमुळे त्यांना शाळा सोडावी लागली. त्यांनी कोंबड्या पाळून पाहिल्या, पण धंदा बसला. मग सुमारे १९०० साली त्यांनी हौशी लोकांना विकण्यासाठी उंदीर वाढवायला घेतले. एका जोडीपासून सुरुवात केली आणि पुढे त्यांच्या शेतघरात दहा हजारांहून अधिक उंदीर झाले. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकही त्यांच्याकडून उंदीर नेऊ लागले.

बाईंची खरी करामत पुढेच आहे. कोणता उंदीर कोणाच्या पोटचा, कोणाला काय झाले, याची त्या वहीत नोंद ठेवीत. काही उंदरांच्या कातडीवर त्यांना गाठी दिसल्या. "असेल काहीतरी" म्हणून त्यांनी सोडून दिले नाही. शास्त्रज्ञांना पत्रे लिहिली. लिओ लोब या डॉक्टरांनी तपासून तो कर्करोग असल्याचे सांगितले. दोघांनी मिळून त्यावर पुढे कित्येक शोधनिबंध लिहिले. १९१८ साली बाई वारल्या. त्यांच्या उंदरांपासून १९२१ साली जो एक वंश तयार झाला, तो आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. २००२ साली उंदराच्या संपूर्ण आनुवंशिक रचनेचा आराखडा प्रसिद्ध झाला, तोही याच वंशाचा. कोंबड्यांच्या धंद्यात ठेच खाल्लेल्या एका बाईची वही केवढी कामाला आली, पाहा!

आधी घरात बसून ठरवा

बाजारात जाण्यापूर्वी घरातल्या मंडळींनी चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

रोज पाणी बदलणार कोण? मुलगा म्हणेल, "मी!" पण परीक्षेच्या दिवसांत, मामाच्या गावी गेल्यावर, ऊसतोडीला किंवा लग्नाला घर आठ दिवस बंद असेल तेव्हा कोण? एका मोठ्या माणसाने नाव घेऊन जबाबदारी पत्करावी. दहा वर्षांच्या मुलावर एका जिवाचा सगळा भार टाकणे बरोबर नव्हे.

घरात कोणाला दमा आहे का? उंदराच्या मुताचा व कोंड्याचा वास काही जणांना सोसत नाही. घरात गरोदर बाई असेल, तर तिने पिंजरा साफ करू नये, किंबहुना त्या काळात उंदीर आणूच नयेत हे बरे. पाच वर्षांच्या आतले मूल हात तोंडात घालते आणि मुठीत धरलेले जोराने दाबते. त्याच्या हाती उंदीर देऊ नये.

घरात मांजर आहे का? असल्यास पिंजरा ठेवायला दार लागणारी खोली आहे का?

आणि शेवटचा प्रश्न. आजीची तयारी आहे का? हसू नका. ज्या घरात एकाला मनापासून किळस आहे, तेथे पिंजरा शेवटी पडवीच्या कोपऱ्यात जातो आणि उंदीर उपाशी मरतो.

निवड करताना

दुकानात शक्यतो संध्याकाळी जावे. उंदीर रात्रीचा प्राणी. दुपारी सगळेच झोपलेले असतात, तेव्हा आजारी आणि निरोगी यातला फरक कळत नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली नियम केले आहेत. त्यांत उंदीरही येतात आणि दुकानाची नोंदणी असावी लागते. तेव्हा नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

आधी एका उंदराकडे पाहू नका, सगळा पिंजरा पाहा. त्यातला एक जरी मरगळलेला असेल किंवा बुडाशी ओली विष्ठा लागलेली असेल, तर त्या पिंजऱ्यातला कोणताच घेऊ नका. मग हवा तो निवडा. डोळे टपोरे व चमकदार, नाक कोरडे, अंगावरचे केस बसलेले व गुळगुळीत. पाठीला कुबड काढून बसलेला, केस पिंजारलेला, मान एका बाजूला कललेला उंदीर आजारी समजावा. कानाजवळ धरून ऐका. श्वास घेताना टकटक किंवा घरघर असा आवाज येत असेल, तर परत ठेवा. एकाच जागी गरगर फिरणारा उंदीर मुलांना फार आवडतो, 'नाच करतो' असे वाटते. तो नाच नव्हे, कानाच्या आतल्या भागातला जन्मजात दोष असतो.

वय चार ते आठ आठवड्यांचे असावे. पांढऱ्या रंगाच्या व लाल डोळ्यांच्या उंदराला दिसते कमी, म्हणून तो दचकतो लवकर. काळा, तपकिरी किंवा ठिपक्यांचा मिळाला तरी निगा सारखीच.

जोडी नको, बहिणी आणा

येथेच बहुतेक घरे फसतात. "एक नर, एक मादी द्या" असे म्हणून लोक जोडी आणतात. त्याचा हिशेब शेतकऱ्यालाच सांगितलेला बरा.

मादीचे गाभण राहण्याचे दिवस १९ ते २१, म्हणजे तीन आठवडे. एका वेताला सहा-आठ, कधी दहा-बारा पिल्ले. व्यायल्यावर चोवीस तासांच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्ले सहा आठवड्यांची झाली, की तीही वयात आलेली असतात. आता कागद घ्या. दर वेताला आठ पिल्ले आणि त्यांत चार माद्या धरा. बारा आठवड्यांत मूळ मादीची चार वेते होतील, म्हणजे ३२ पिल्ले. पहिल्या वेतातल्या चार मुली तोवर व्यायलेल्या असतील, त्यांची ३२. मूळ जोडी धरून एकूण ६६! प्रत्यक्षात काही पिल्ले मरतात, एखादे वेत लांबते. पण पोळ्याला आणलेल्या जोडीने दिवाळी उलटेपर्यंत घर भरून टाकावे, इतके हे वाढणे जलद आहे.

मग लोक ते रानात सोडून देतात. ते मात्र करू नका. पिंजऱ्यातल्या उंदराला बीळ खणून लपणे, शत्रू ओळखणे जमत नाही. घार, साप किंवा मांजर त्याचा एक-दोन दिवसांत फडशा पाडते. आणि जो तगतो तो शेजाऱ्याच्या कणगीत शिरतो.

नुसते नर ठेवावेत, तर ते आपसांत रक्त निघेपर्यंत भांडतात आणि त्यांच्या मुताला उग्र वास असतो. एकटा ठेवावा, तर उंदीर कळपाचा प्राणी, एकटेपणी झुरतो. म्हणून उत्तम उपाय म्हणजे एकाच वेतातल्या दोन किंवा तीन बहिणी. त्या एकमेकींना चिकटून झोपतात, एकमेकींचे अंग चाटतात आणि गुण्यागोविंदाने राहतात.

नर-मादी ओळखणे अवघड नाही. शेपटीच्या मुळाशी पाहावे. मूत्रद्वार आणि गुदद्वार यांच्यातले अंतर नरात मादीच्या जवळजवळ दुप्पट असते. दोन पिल्ले शेजारी धरून पाहिल्यास फरक लगेच कळतो. मोठ्या नराचे वृषण तर उघड दिसतात. दुकानदार म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नये, स्वतः पाहावे. माद्या नरांबरोबर एकाच पिंजऱ्यात असतील, तर त्या गाभण असण्याचा संभव असतो, हेही ध्यानात असू द्या. तसे घडलेच आणि पिल्ले झाली, तर चौथा आठवडा संपण्यापूर्वी नर पिल्ले वेगळी काढावीत.

घर कसे असावे

दोन-तीन माद्यांना दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच एवढी जागा तरी हवी. उंदीर धरायचा सापळा हे घर नव्हे. काचेची जुनी माशांची टाकी असेल तर तिच्यावर जाळीचे घट्ट झाकण बसवावे. जाळीचा पिंजरा करायचा झाल्यास भोक पाव इंचापेक्षा मोठे नको. डोके शिरले, की उंदीर निघालाच समजा. तळ सपाट असावा. नुसत्या तारेच्या तळावर चालून पायाला जखमा होतात. लाकडी खोके वापरू नये, ते मूत शोषते, वास मारते आणि कुरतडून भोकही पडते.

तळाला दोन-तीन बोटे जाडीचा थर हवा. भाताचे स्वच्छ, कोरडे तूस चांगले. कोऱ्या कागदाचे तुकडेही चालतात. सुताराकडचा भुसा नको. देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा भुसा उंदराच्या छातीला बाधतो आणि कोणत्या लाकडाला कोणते औषध मारले आहे, हे आपल्याला कळत नाही. घरटे करायला साळीचा मऊ पेंढा किंवा जुन्या सुती धोतराचे लहान तुकडे द्यावेत. लांब दोरे नकोत, पायात गुंततात.

लपायला जागा लागतेच. फुटक्या माठाचे खापर उपडे घातले, की झाले घर! कडा घासून बोथट करावी. नारळाची करवंटी, पोकळ वेळूचा तुकडा, सुताचा पुठ्ठ्याचा पुंगळा, यांत उंदीर तासन्‌तास खेळतो. दात आयुष्यभर वाढत असल्याने कुरतडायला बाभळीची किंवा पेरूची सुकी काडी ठेवावी, मात्र ती फवारणी न केलेल्या झाडाची असावी.

दाणापाणी

एका उंदराला दिवसाला ४-५ ग्रॅम खाणे लागते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. शहरात तयार गोळी खाद्य मिळते. ते मिळाल्यास उत्तम, कारण त्यात सगळे प्रमाणात असते. न मिळाल्यास ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ आणि मक्याचा भरडा असे मिश्रण करावे. नुसत्या धान्यावर उंदीर जगतो, पण पोसत नाही. म्हणून रोज थोडी शिजवलेली डाळ किंवा मोड आलेली शिजवलेली मटकी आणि आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा द्यावा. शेंगदाणा, सूर्यफुलाचे बी हे खाऊ म्हणून, दिवसाला एक-दोन दाणे. जास्त दिले तर उंदीर लठ्ठ होतो. काकडी, गाजर यांचा नखाएवढा तुकडा पुरे. कांदा, लसूण, चॉकलेट, चिवडा-फरसाण देऊ नये.

शेतकऱ्याच्या घरात तीन गोष्टींची खास काळजी घ्यावी. पहिली, पेरणीसाठी आणलेले रंगीत बियाणे. त्याला बुरशीनाशक लावलेले असते, त्यातला एक दाणाही पिंजऱ्यात जाऊ नये. दुसरी, बुरसलेला शेंगदाणा व मका. त्यात यकृत बिघडवणारे विष तयार होते. आपण खाऊ नये ते उंदरालाही घालू नये. तिसरी, उंदीर मारण्याचे औषध. झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमॅडिओलोन धान्यात मिसळलेल्या पुड्या दिसायला साध्या धान्यासारख्याच असतात. ज्या डब्यात त्या ठेवल्या तो डबा, ती वाटी, तो चमचा उंदराच्या खाण्याला कधीही वापरू नये. फवारणी झालेल्या वाफ्यातली कोथिंबीर किंवा मेथीही घालू नये. हे पथ्य मुलांच्या जिवासाठीही आहे. घरात कोणते विष कोठे ठेवले आहे, याची झडती उंदीर आणण्याच्या निमित्ताने झाली, तर तो मोठाच लाभ.

पाणी रोज ताजे. टोकाला गोळी असलेली नळीची बाटली मिळाली तर बरे, नाहीतर जड बसकी मातीची पणती. वाटीत पाणी सांडते आणि तूस ओले होते, तेव्हा लक्ष ठेवावे.

ऊन, थंडी, मुंग्या आणि मांजर

उंदराला माणसासारखा घाम येत नाही. तिशीच्या वर पारा गेला, की त्याला त्रास सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या वैशाखात पत्र्याच्या खोलीत ठेवलेला उंदीर दुपारपर्यंत दगावू शकतो. काचेची टाकी तर उन्हात चुलीसारखी तापते. घरातली सर्वांत गार, अंधारी, वारा खेळणारी जागा शोधावी. पिंजऱ्याशेजारी गार पाण्याचा माठ ठेवावा, एका बाजूवर ओले गोणपाट टाकावे, आत गार खापर ठेवावे. उंदीर धापा टाकत आडवा पडला असेल तर गार जागी न्यावे, ओल्या फडक्याने पाय, कान व शेपटी पुसावी, शुद्धीवर असल्यास पाण्याचा थेंब ओठाला लावावा. थंड पाण्यात बुडवू नये.

निफाडसारख्या ठिकाणी थंडी कडाक्याची पडते. तेव्हा पेंढा दुप्पट घालावा आणि पिंजरा दारा-खिडकीच्या झोतात ठेवू नये. चुलीचा धूरही वाईटच.

पिंजरा टेबलावर ठेवून टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. दुभत्याच्या शिंकाळ्याइतकीच मुंग्यांची भीती येथेही असते आणि नवजात पिल्लांना तर मुंग्या खाऊन टाकतात. पावसाळ्यात उंदराच्या वासाने साप येतो, म्हणून पिंजरा पडवीत किंवा गोठ्यात नको. घरातले मोकाट उंदीरही पिंजऱ्यापाशी येऊन रोग देतात. सांडलेले खाणे रोज झाडून घ्यावे.

हात लावताना

आणल्यावर दोन-तीन दिवस नुसते पाहावे, हात लावू नये. मग पिंजऱ्यात तळहात ठेवून त्यावर एक दाणा ठेवावा. उंदीर आपण होऊन हातावर येईल. शेपटीचे टोक धरून कधीही उचलू नये, शेपटीचे कातडे सोलून निघते. इंग्लंडात लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले, की शेपटीला धरून उचललेले उंदीर माणसाला भितात, आणि ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचललेले लवकर माणसाळतात. म्हणजे आपला वेळूचा तुकडा येथे उपयोगी. उंदीर त्यात शिरला, की नळीसकट उचलावा.

मुलांनी जमिनीवर बसूनच उंदीर हातात घ्यावा, म्हणजे पडला तरी लागणार नाही. नंतर साबणाने हात धुवावेत. मुका घेऊ नये, ताटाजवळ आणू नये, अंथरुणात नेऊ नये. चावलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. पुढे काही दिवसांत ताप आला, तर 'उंदीर चावला होता' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

साफसफाई नियमाने करावी. मुतण्याचा कोपरा एक दिवसाआड, आणि आठवड्यातून एकदा सगळे तूस बदलावे. घरट्यातला कोरडा मूठभर पेंढा मात्र परत ठेवावा. आपल्या वासाची खूण राहिली नाही, तर उंदीर बावरतो. पिंजरा गरम पाणी व साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. फिनाईल नको. काढलेली घाण भाजीच्या वाफ्यात न टाकता खड्ड्यात पुरावी.

दुखणे-बाणे

खाणे सोडणे, कुबड काढून बसणे, श्वासाला आवाज येणे, सारखे खाजवणे, जुलाब, अंगावर गाठ, यांपैकी काही दिसले तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. लाजू नये. लहान जीव फार वेगाने ढासळतो, 'उद्या बघू' म्हणायला वेळ नसतो. घरचे उपाय करू नयेत. विशेषतः गाईम्हशींच्या गोचिडांवरचे औषध उंदराला लावू नये. चारशे किलोच्या जनावराचे औषध तीस ग्रॅमच्या जिवाला विषच ठरते.

मुलाच्या हाती एक वही द्या

उंदीर आणाल त्या दिवशी मुलाला एक वहीही आणून द्या. तारीख, उंदरांची नावे, वजन (किराणा दुकानातल्या किंवा सोनाराच्या काट्यावर होते), काय खाल्ले, काय टाकले, केव्हा झोपले, कोणाच्या अंगावर काही दिसले का. रोज दोन ओळी पुरेत. लॅथ्रॉपबाईंनी याहून वेगळे काही केले नव्हते. ज्या मुलाला उंदराचा बदललेला श्वास ऐकू येतो, त्याला उद्या वासराचे उतरलेले तोंड आणि कपाशीच्या पानाखालची कीडही आधी दिसेल. शेती ही शेवटी पाहण्याचीच विद्या आहे.

आणि एक गोष्ट मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी. उंदराचे आयुष्य दीड ते दोन वर्षांचे, फार तर थोडे अधिक. चौथीत आणलेला उंदीर सहावीत जाईपर्यंत म्हातारा होईल. केस विरळ होतील, चाल मंदावेल, आणि एके सकाळी तो पेंढ्यात निजल्यासारखा सापडेल. तेव्हा "एवढ्याशा उंदरासाठी काय रडतोस?" असे म्हणू नये. गुपचूप नवा आणून त्याच्या जागी ठेवू नये. परसात, विहिरीपासून दूर, हातभर खोल खड्डा घेऊन मुलाला सोबत घ्यावे आणि पुरावे. वहीत ती तारीखही त्यालाच लिहू द्यावी. दोन बहिणींतली एक मागे राहिली असेल, तर तिच्याजवळ त्या दिवसांत थोडे जास्त बसावे.

हे सारे वाचून तुमच्या घराला ते झेपेल असे वाटत असेल, तर येत्या बाजाराला संध्याकाळचे जा, पिंजरा व तूस आधी तयार करून जा, आणि दोन बहिणी निवडून आणा. झेपणार नसेल, तर मुलाला जवळ बसवून तसे स्पष्ट सांगा आणि एखादी कोंबडी किंवा करडू त्याच्या नावावर करून द्या. जीव सांभाळायला तेथेही शिकता येते.